चार बोटं कमी

१

पडताना माणसाला कळतं का, की आपण कुणामुळे पडलो?

हे मी आधी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, "बाहेर थांबा." मग नर्सला विचारलं. तिने दादाचं घड्याळ आणि त्याच्या खिशातली मोजायची टेप माझ्या हातात दिली आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. मग दादाच्या जोडीला काम करणाऱ्या वायरमनला विचारलं. तो माझ्या गळ्यात पडून रडायला लागला. रडणाऱ्या माणसाला तोच प्रश्न परत कसा विचारायचा?

वहिनीला विचारलं नाही. ती म्हणाली असती, "का विचारताय, भाऊजी?"

दादा दोन दिवस हॉस्पिटलात होता, डोळे मिटून. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. त्या दोन दिवसांत मी कितीदा त्याच्या कानाशी तोंड नेलं. सांगायचं होतं. सांगितलं नाही. वहिनी समोरच बसलेली असायची, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगायची. "मीच पाठवलं हो त्यांना वर. मीच."

मी शेजारी उभा राहून ऐकायचो. एकदा तर मी तिला पाणी आणून दिलं आणि म्हणालो, "असं मनाला लावून घेऊ नका, वहिनी."

२

आमचं घर तीन खोल्यांचं, एकामागे एक. पुढची खोली, मधली, मग स्वयंपाकघर. वर सिमेंटचे जुने पत्रे, एकाच उताराचे, पुढे उतरलेले. पत्र्यांखाली आडवे लोखंडी पाइप, दोन-दोन हातांवर एक. अशा छपरावर चालायचा नियम एकच. पाय पाइपावर पडला पाहिजे. पाइपावर पत्रा माणसाला तोलतो. दोन पाइपांच्या मधे तो अंड्याचं कवच असतो.

वरून पाइप दिसत नाहीत. म्हणून दादाने प्रत्येक पाइपाच्या वर लाल रंगाचा ठिपका मारून ठेवला होता, शिडीपासून मागपर्यंत एका ओळीत. लांब ढांगा टाकत तो त्यांवरून असा जायचा, जसा कुणी ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडे जातो.

मला तो भिंगरी म्हणायचा. पाचवीत शाळा सुटली, तेव्हापासून मी टायरच्या दुकानात. डोक्यात आलं की हात आधी चालणार, विचार मागाहून धापा टाकत येणार. त्या उन्हाळ्यात डोक्यात आलं की छपराला चुना मारावा, घर थंड राहील. भेगा आणि पत्रे पाइपांना धरून ठेवणाऱ्या हुकांची भोकं डांबराने बुजवली, वर चुन्याचे दोन हात दिले. ठिपक्यांवर उभा राहून, मागे मागे सरकत काम केलं. छप्पर दुधासारखं झालं. आई खाली उभी राहून कौतुक करत होती. शिडीवर येऊन पाहिलं तर ठिपकेही दुधात बुडालेले.

परत मारायचे तर आत जाऊन पाइपांचं माप घ्यायचं, आणि तेच माप वर धरायचं. अर्ध्या तासाचं काम. पण खाली मित्र मोटारसायकलवर बसून हॉर्न वाजवत होता. माझ्या हातात चुन्याच्या ब्रशाचा दांडा होता. वाटलं, दोन हातच असेल हा. पहिला ठिपका भिंतीवरच्या पाइपावर मारला. पुढे दांडा टाकायचा, दांडा संपेल तिथे ठिपका. असा रांगत रांगत गेलो आणि आलो. माझं वजन ते काय. आणि रांगणाऱ्याला पत्रा तोलतो.

पुढे एकदा पाऊस होऊन गेला तेव्हा मधल्या खोलीत वहिनीच्या शिलाई मशीनवर थेंब पडायला लागला. गिऱ्हाइकाच्या कापडावर डाग पडला. दादा दुपारी एकला जेवायला आला होता. वहिनी म्हणाली, "आज तरी वर बघा ना." त्याने शिडी लावली आणि हाक मारली, "भिंगरी, शिडी धर."

मी ओट्यावर मोबाइलात डोकं घालून बसलो होतो. "आलो," म्हटलं आणि उठलो नाही. तो तसाच चढला. वरून त्याचा आवाज आला, "ठिपके नवे दिसतात. आतून मोजून मारलेस ना रे?"

"हो रे बाबा, मोजून!"

हे आमचं शेवटचं बोलणं. मग सहा पावलं ऐकू आली. सातवं ऐकू आलं नाही, त्याच्या जागी दुसरंच काहीतरी ऐकू आलं.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्याच्याच टेपने मी तो दांडा मोजला. दोन हातांना चार बोटं कमी. म्हणजे दुसरा ठिपका पाइपाच्या चार बोटं अलीकडे. तिसरा आठ. सातव्यापर्यंत चोवीस बोटं, म्हणजे पुरता एक हात, म्हणजे सहाव्या आणि सातव्या पाइपाच्या बरोबर मधोमध. गणितात मी दोनदा नापास झालेला माणूस. हे गणित एका दमात सुटलं.

दांडा मी पाण्याच्या टाकीमागे लपवला. टेप वहिनीने मागून घेतली आणि मशीनच्या खणात ठेवली. छपराला पडलेल्या भोकावर मी शिडीवरूनच, लांब बांबूने, ताडपत्री सरकवली. सगळ्यांना वाटलं, घरात ऊन-पाऊस येऊ नये म्हणून केलं. मला वरून खाली कुणी बघायला नको होतं.

३

पंधरा दिवसांनी वहिनी परत मशीनवर बसली. कपडे अडकले होते लोकांचे. आई मधल्या खोलीतच पलंगावर बसलेली असायची. आईला ऐकू येत नाही. कानाशी जाऊन ओरडावं लागतं, तेही तीन-तीनदा, आणि मग ती म्हणते, "ओरडतोस कशाला?"

टायरच्या दुकानातून मी दुपारी जेवायला घरी यायचो. असाच जेवत होतो. वर टक् झालं.

सिमेंटचा पत्रा तापला की वाजतो. लहानपणापासून ऐकत आलोय. सकाळी तापताना वाजतो, संध्याकाळी निवताना वाजतो. मी घास घेतला. परत टक्, पण थोडं आत. मग आणखी आत. मधे सारखाच वेळ जात होता. माझा हात ताटात तसाच राहिला, कारण मी मोजायला लागलो होतो. चार. पाच. सहा.

मग काही नाही.

मी स्वतःला म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. पत्रा कुठेही वाजतो, मोजणारा वेडा. पाणी प्यायलो. तेवढ्यात आईकडे लक्ष गेलं. ती मान वर करून छपराकडे बघत होती. तिची हनुवटी दारापासून हळूहळू आत वळत आली होती आणि मशीनच्या वर येऊन थांबली होती, जिथे ताडपत्रीतून निळा उजेड पडायचा.

"काय बघतेस, आई?" मी ओरडलो.

"थांबला," आई म्हणाली.

वहिनीचं मशीन चालूच होतं. पण तिच्या सुईखाली कापड नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी ढग होते. ऊन नसेल तर पत्रा तापणार नाही, आणि वाजणारही नाही. मी मुद्दाम घरी थांबलो.

दुपारी एकला सहा वेळा वाजलं.

त्याच संध्याकाळी मी छपरं बसवणाऱ्या मिस्त्रीला बोलावून आणलं. वहिनी तर पहिल्या दिवसापासून म्हणतच होती, ते वरचं सगळं बदला. मिस्त्री बुटका, गळ्यात चष्मा, बोलायला मोकळा. खोलीच्या मधोमध उभा राहून त्याने आधी भिंती ठोकल्या.

"स्लॅब टाकता येईल का?" वहिनीने विचारलं. "म्हणजे वर कुणी चढलं तरी..."

"ताई, ह्या भिंतींवर स्लॅब? भिंती म्हणतील, आधी आम्हाला कुणीतरी धरा."

"मग कौलं?"

"कौलांना चांगला उतार लागतो. तुमच्या छपराला उतार नाही, नुसती इच्छा आहे. पाणी उलटं आत येईल. परत सिमेंटचा पत्रा टाकला तर—"

"त्याचं नाव काढू नका," वहिनी म्हणाली.

"बरोबर आहे, चुकलो. मग राहिला रंगीत लोखंडी पत्रा. हलका आहे, फुटत नाही, वरून हत्ती चालवा. पावसात वाजतो तेवढा. आईंना काय, वाजला तरी चालेल." आईने त्याच्याकडे बघून छान मान डोलावली. त्याने रंगांचे तुकडे मांडले. निळा, हिरवा, विटकरी.

"लाल नको," वहिनी म्हणाली. विटकरीलाही ती लालच म्हणाली. निळा ठरला.

मग मिस्त्री म्हणाला, "जुने पत्रे आधी सगळे उतरवायचे. हुक कापू, एकेक पत्रा खाली घेऊ. पाइपही तपासून होतील."

पत्रे एकेक करून उतरणार, खाली पाइप उघडे पडणार, आणि अंगणात ओळीने मांडलेल्या पत्र्यांवर माझे ठिपके. आंधळ्यालाही दिसेल, कुठला ठिपका पाइपावर होता आणि कुठला नव्हता.

"न उतरवता नाही का होणार?" मी म्हणालो. "वरून नवीन टाका. भिंतींवर चौकट उचला, जुनं खाली तसंच राहू दे."

"होतं तसं. लोक करतात. पण किडलेल्या दातावर टोपी बसवायचं काम दाताच्या डॉक्टरचं. मी नाही करत."

"काढून टाका, भाऊजी," वहिनी म्हणाली. हात जोडल्यासारखी म्हणाली. "मला ते डोक्यावर नको."

तेव्हा मी आईला पुढे केलं. आईला दमा आहे. सिमेंटचा पत्रा कापला, फोडला की त्याची धूळ छातीत जाते आणि तिथेच राहते, हे मला माहीत होतं. मी ते मिस्त्रीला ऐकवलं, वहिनीला ऐकवलं, आवाज चढवून ऐकवलं. "दादा गेला, आता आईलाही घालवायचंय का?" असंसुद्धा म्हणालो.

मिस्त्रीने चष्मा लावला आणि काढला. "धुळीचं खरं आहे," तो म्हणाला.

वहिनी मान खाली घालून आत गेली. आईची खोकल्याची बाटली उशाशी होती. ती बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी शब्द मागे घेतला नाही. आई माझ्याकडे बघून हसली. आपल्या बाजूने पोरगा कुणाशी तरी भांडला, एवढं तिला कळलं होतं.

५

काम तीन दिवस चाललं. भिंतींवर नवीन चौकट बसली, जुन्या पत्र्यांच्या एक वीतभर वर. मिस्त्री चौकटीवरूनच फिरायचा, जुन्यावर पाय टाकायचा नाही. मी शिडीवर उभा राहून त्याला नट-बोल्ट देत होतो. वहिनी खाली अंगणात वर बघत उभी होती.

दुसऱ्या दिवशी त्याने ताडपत्री उचलली. मी "राहू द्या," म्हणेपर्यंत त्याचं डोकं भोकावर वाकलं होतं.

"हे लाल ठिपके कशाचे?"

"पाय ठेवायच्या खुणा."

"खूण इथे, आणि पाइप तर तिकडे आहे. हातभर." त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "कुणी मारल्या ह्या?"

खाली वहिनी होती. डोळ्यांवर हात धरून, उन्हात.

"दादाने," मी म्हणालो.

मिस्त्रीने जिभेने चक् केलं. "वायरमन माणूस, आणि खूण चुकला. नशीब बघा." ताडपत्री त्याने परत ओढली. "आपल्याच हाताने."

वहिनीने हात डोळ्यांवरून खाली घेतला, एवढंच. ती आत गेल्यावर मला जुन्या पत्र्यातून, त्याला टेकलेल्या शिडीच्या टोकाशी, एक हलका धक्का लागल्यासारखं वाटलं. कुणी दार ठोठावण्याआधी दारावर हात ठेवतो ना, तसा.

चौकट जोडणाऱ्या वेल्डिंगवाल्याने मशीन चालू केलं असेल. मी तसंच समजलो.

६

नवीन छपराखाली घर खरोखर थंड झालं. दोन दिवस काही वाजलं नाही. मी मनात म्हटलं, बघ, पत्राच होता. वर ऊन लागेना, तर तो कशाला वाजेल? दोन दिवस मी पोटभर जेवलो. लाज वाटते सांगायला, दुकानात एकाच्या विनोदावर हसलोसुद्धा.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईची हनुवटी वर गेली.

आवाज आता पावलांचा नव्हता. वीतभर जागेत पाऊल कसं मावणार? थप् झालं, मग पसरल्यासारखं सर्र. थप्, सर्र. भिंतीवरचं दिव्याचं बटण अंधारात चाचपतो तसा तळवा. पुढे यायचा, थांबायचा, इकडे तिकडे फिरायचा, परत मागे जायचा. पहिल्या ठिपक्यापासून सहाव्यापर्यंत आणि परत.

उंदीर असेल. मांजर असेल. मिस्त्रीने आत ताडपत्री तशीच ठेवली, ती वाऱ्याने सरपटत असेल. मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "दोन पत्र्यांच्या मधे हवा कोंडते. आठवडाभरात बसेल सगळं." मी त्याचे शब्द जसेच्या तसे वहिनीला सांगितले.

तिने मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं होतं. "त्यांना खाली यायचंय," ती म्हणाली. "वाट सापडत नाहीये. मी पाठवलं वर, आणि मला खाली बोलावता येत नाहीये."

"वहिनी, हवा आहे ती."

"हवा खरवडते का, भाऊजी?"

मी कान दिला. खरंच, वर कुणीतरी नखाने काहीतरी खरवडत होतं. हळूहळू. घाई नसल्यासारखं. दादा स्वीचबोर्डावरचा वाळलेला रंग असाच खरवडायचा, खाली स्क्रू कुठे आहे ते बघायला.

त्या दिवसापासून वहिनी जेवेना. दुपार झाली की ती मशीनसमोर बसायची आणि एकला वर बघून म्हणायची, "माझं चुकलं." रोज. मी बाजूच्या खोलीत ताटावर बसलेला असायचो. अन्न गिळायचो आणि त्याबरोबर तेही गिळायचो.

७

मी वर बघायचं ठरवलं. धीट म्हणून नाही. उंदीर दिसला असता तर मी सुटलो असतो, म्हणून.

बाराच्या सुमारास शिडी लावली. समोरच्या कडेला दोन पत्र्यांच्या मधली फट तोंडासमोर आली. लांब, वीतभर, पत्रपेटीसारखी. आतून चुन्याचा आणि गरम लोखंडाचा वास आला. पार मागे, स्वयंपाकघराच्या टोकाला, फटीचं दुसरं तोंड उजेडाच्या रेघेसारखं दिसत होतं. मी मोबाइलचा दिवा लावून हात आत घातला.

पहिला ठिपका नाकासमोर. लाल, गोल, जसाच्या तसा.

दुसऱ्या ठिपक्यापाशी चुन्यावर काहीतरी उमटलं होतं. आधी वाटलं मांजराचा पंजा. मग नीट पाहिलं. एकमेकांना चिकटून ठेवलेली चार बोटं. ठिपक्याच्या पलीकडच्या कडेला टेकवून ठेवलेली, जशी दादा भिंतीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "बोर्ड चार बोटं खाली घे." त्या चार बोटांपुढे डांबराचा गोळा खरवडून काढलेला होता आणि आतला हुक चकाकत होता.

तिसऱ्या ठिपक्यापुढे चार बोटं, आणि त्यांना लागून आणखी चार. मग हुक.

चौथ्यापुढे तीनदा चार.

त्याच्यापुढे दिवा पोचत नव्हता. पोचायची गरज नव्हती. पाचव्यापुढे किती आणि सहाव्यापुढे किती, ते मला पाठ होतं.

म्हणजे तो मोजत होता. मी न केलेलं काम, एकेक पाइप घेऊन, तो करत होता. माझ्या प्रश्नाचं हे उत्तर म्हणायचं का, मला अजून माहीत नाही. त्याला पडतानाच कळलं, की मी अंगणातल्या त्या उन्हात "दादाने" म्हणालो तेव्हा?

मी हात बाहेर काढत होतो. सहज नजर पार मागे गेली. त्या उजेडाच्या रेघेचा मधला तुकडा नव्हता. काहीतरी सपाट, रुंद, तिथे आडवं पडलं होतं. बघता बघता डावीकडचा उजेड परत आला आणि उजवीकडचा गेला. ते वळलं होतं. मग ती रेघ पूर्ण काळी झाली आणि जवळ, खूप जवळ, थप् झालं.

मी शिडीवरून कसा उतरलो ते आठवत नाही. कोपर फुटलं होतं. आत वहिनीचा आवाज ऐकू येत होता. "माझं चुकलं. माझं चुकलं."

८

मी मधल्या खोलीत गेलो. एक वाजायचा होता. वर थप्-सर्र चालू झालं होतं आणि आईची हनुवटी त्याच्याबरोबर आत येत होती. दोन. तीन. चार.

"वहिनी," मी म्हणालो, "ठिपके मी मारले होते."

ती वळली नाही.

"छपराला चुना मारला तेव्हा बुजले. परत मारले ते मी. दादाने नाही. मिस्त्रीला खोटं सांगितलं. दादाने वरून विचारलं होतं, मोजून मारलेस ना. मी हो म्हणालो. मोजले नव्हते."

वर आवाज आज सहाव्याच्या पुढे, सातव्यापाशी आला आणि थांबला. नेहमीसारखा मागे गेला नाही.

"काय म्हणतोय ग तो?" आईने विचारलं.

वहिनी उठली. तिचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. रागही नव्हता त्यात. पाटी पुसल्यावर राहते तशी ती माझ्याकडे बघत होती. "मी नाही सांगणार त्यांना," ती म्हणाली. "तुम्ही सांगा."

मी आईच्या कानाशी गेलो. "आई, खुणा मी मारल्या."

"पुटपुटू नको. मोठ्याने बोल."

"खुणा मी मारल्या! न मोजता!"

"कसल्या खुणा?"

खिडकी उघडी होती. गल्लीत कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ते थांबलं. समोरच्या घरातला भांडी घासायचा आवाजही थांबला. मी तिसऱ्यांदा ओरडलो, सगळं, पहिल्यापासून, हॉर्न, दांडा, मोबाइल, शिडी. ओरडताना घसा फाटला आणि मधेच पोरासारखा हुंदका आला. सगळ्या गल्लीने ऐकलं. आईने सगळ्यांत शेवटी ऐकलं.

तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे बघतही नव्हती. वर बघत होती.

"मग आता तो उतरणार कसा?" आई म्हणाली.

वहिनीने मशीनचा खण उघडला आणि दादाची टेप माझ्यासमोर धरली. "तो दांडा कुठाय?"

टाकीमागून आणला. चुना अजून चिकटलेला होता.

"मोज. आमच्यासमोर." आजवर तिने मला अहोजाहो केलं होतं.

जमिनीवर दांडा ठेवून मी टेप लावली. टोक तिने धरलं. "किती?" तिने विचारलं.

"चार बोटं कमी."

"आता हा घे आणि पाइप वाजव. एकेक. बरोबर पाइपावर."

मी दांडा उचलून सहाव्या पाइपावर मारला. टण्. लोखंड बराच वेळ घुमलं. वर काही नाही. परत मारला. टण्. "इथे आहे, दादा," मी म्हणालो. "हा खरा."

सर्र झालं. हळू, जड. मग नेमकं त्या पाइपावर, माझ्या दांड्याच्या टोकाच्या वर, थप्.

पाचवा. टण्. थोडा वेळ गेला. थप्. आईची हनुवटी दाराकडे सरकली. चौथा पाइप पुढच्या खोलीत होता. मी उंबरा ओलांडला, माझ्यामागे वहिनी आईला हाताला धरून आली. टण्. थप्. कौलं नाहीत, स्लॅब नाही, वर दोन-दोन छपरं, आणि मधल्या वीतभर जागेतून माझा भाऊ मला विचारत विचारत येत होता आणि पहिल्यांदाच मी त्याला खरं सांगत होतो. तिसरा. दुसरा. पहिला पाइप दारावरच्या भिंतीवर, तिथे मी नुसतं टेकवलं. उत्तर लगेच आलं.

मी बाहेर धावलो. शिडी तशीच लावलेली होती, दादानेच बनवलेली, नऊ पायऱ्यांची. मी तिच्या पायथ्याशी उभा राहिलो आणि दोन्ही बाजूंनी घट्ट धरली. गल्लीतले लोक लांबून बघत होते. दारात वहिनी उभी, तिच्या खांद्याला धरून आई. दार सताड उघडं. उंबऱ्याच्या आत काय जाणार होतं, ते त्या दोघींनाही माहीत नव्हतं. दार मात्र कुणी लोटलं नाही.

"धरलीस?" वहिनीने विचारलं.

"धरलीये."

त्यानंतर मी त्या घरातून निघालो, परत गेलो नाही. त्या तिघांसाठी माझ्या हातून झालेलं हे शेवटचं काम. ते तरी नीट सांगतो.

मी डोळे मिटून घेतले. वरची पायरी करकरली. शिडीचे पाय मातीत रुतले, इतकं वजन आलं तिच्यावर. मग दुसरी पायरी. मग तिसरी. चुन्याचा वास आला. माझ्या केसांवर बारीक पांढरी धूळ पडत होती आणि मी मोजत होतो, या वेळी नीट, एकही न सोडता. सहा. सात. आठ.

एक पायरी राहिली होती. मी शिडी सोडली नाही.